नेपल्स, रोम, स्प्लिट: प्राचीन अवशेष बघताना 'सगळे दगड सारखेच' वाटू नयेत म्हणून

कोल्हापूरच्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या शेवटी चौदा दिवसांची सहल. बरोबर पत्नी, तेरा वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांची आई, जिचे गुडघे दुखतात. यादीत रोम, पॉम्पेई, अथेन्स, क्रीट बेटावरचं क्नोसोस, तुर्कस्तानातली एफेसस नि इस्तंबूल आणि क्रोएशियातलं स्प्लिट, म्हणजे एकूण एकोणीस 'बघायच्या जागा'. त्यात मेव्हण्यांनी सांगून ठेवलंय, "तिसऱ्या दिवसापासून सगळे दगड सारखेच दिसतात." तर यातलं काय गाळावं?

मी सतरा वर्षं या भागात मराठी मंडळींचे गट घेऊन जाते. तुमचे मेव्हणे खरं बोलतायत. दगड सारखे दिसायला लागतात, आणि त्यात बघणाऱ्याची चूक नसते. सकाळी एक देऊळ, दुपारी एक नाट्यगृह, संध्याकाळी एक कमान, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सन आणि सम्राटाचं नाव सांगतं. डोक्यात काही उरत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळा मांडते. एकोणीसपैकी किती गाळायच्या हे नंतर बघू. आधी हे ठरवा की तुम्हाला पडक्या भिंतींत *घर* कुठे दिसेल. माणूस कुठे झोपायचा, पाणी कुठून यायचं, भाकरी कुठे भाजली जायची, एवढं एका ठिकाणी नीट कळलं की पुढचे दगड आपोआप बोलायला लागतात.

काही गोष्टी तुमच्यावरच अवलंबून आहेत. आईंना सपाटीवर दोन तास चालता येतं की अर्ध्या तासात बसावं लागतं, हे मला माहीत नाही. मुलाला क्रीटच्या मिनोटॉरच्या, म्हणजे अर्धा माणूस नि अर्धा बैल असलेल्या राक्षसाच्या, गोष्टीचं वेड असेल तर क्रीट गाळून चालणार नाही, मग सगळा आराखडा बदलतो. ते खाली लिहिलंय. पण तसं काही नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: नेपल्स, रोम आणि स्प्लिट. अथेन्स आणि क्रीट पुढच्या खेपेला, इस्तंबूल आणि एफेसस त्याच्याही नंतर. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि तिथे युरोच चालतो, त्यामुळे इटली आणि स्प्लिट एकाच व्हिसावर होतं. तुर्कस्तान शेंगेनच्या बाहेर आहे.

सुरुवात रोमने करू नका, नेपल्सने करा. रोममध्ये सगळं प्रचंड आहे आणि थरांवर थर आहेत. तिथला फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, हा वाचायला सगळ्यात अवघड अवशेष आहे, हजारेक वर्षांच्या इमारती एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. तो पहिल्या दिवशी बघणं म्हणजे बाराखडी यायच्या आधी मोडी वाचायला बसणं. नेपल्सजवळ मात्र इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली दोन गावं आहेत. तिथे काळ एकाच दिवशी थांबलाय, त्यामुळे गुंता नाही.

ही दोन गावं म्हणजे पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम. सगळे पॉम्पेईला जातात. आई बरोबर असताना मी हर्क्युलेनियमला नेते, आणि त्याचं कारण फक्त गुडघे नाही.

पॉम्पेईचं क्षेत्र 66 हेक्टर आहे आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग खणून उघडा केलेला आहे. रस्ते मोठमोठ्या काळ्या दगडांचे, मध्ये गाडीच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या, सावली फार कमी. हर्क्युलेनियमचा उघडा भाग पाच हेक्टरांहूनही कमी आहे. दोन-अडीच तासांत, मध्ये बसत बसत, निवांत होतो. पण खरा फरक वेगळाच आहे. पॉम्पेईवर आधी तासन्तास हलके, सच्छिद्र दगड पडत राहिले आणि छपरं वजनाने कोसळली. हर्क्युलेनियमवर तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट आले. लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळशासारखं काळं होऊन जागच्या जागी राहिलं, आणि वर वीस-वीस मीटरचा थर बसला. म्हणून तिथे दुसरे मजले उभे आहेत, तुळया आहेत, दारं आहेत.

तिथे 'लाकडी पडद्याचं घर' म्हणून ओळखलं जाणारं एक घर आहे. आत शिरलात की मधला चौक. छपराला मध्ये चौकोनी उघडं भोक, त्याच्या बरोबर खाली फरशीत उथळ हौद. पावसाचं पाणी चारी बाजूंच्या छपरांवरून त्यात पडायचं आणि खालच्या टाकीत साठायचं. कुठल्याही जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. भोवती खोल्या, समोर मालकाची बैठक. आणि चौक नि बैठक यांच्यामध्ये घडीचा लाकडी पडदा, काळाठिक्कर पडलेला, पण उभा. त्याला दिवे अडकवायचे आकडेसुद्धा आहेत. बाहेरच्या माणसाला कुठवर येऊ द्यायचं आणि कुठून पुढे घर सुरू होतं, हे त्या पडद्यावरून कळतं. आपल्याकडे हेच काम ओसरी आणि माजघर यांच्यातला उंबरा करतो. आईंना या चौकात थोडा वेळ उभं राहू द्या आणि त्या काय म्हणतात ते मुलाला ऐकू द्या. माझ्या अनुभवात इथे गाइडपेक्षा घरातल्या ज्येष्ठांनाच जास्त दिसतं.

हे मी उगाच म्हणत नाही. एका गटात सातारकडच्या एक आजी होत्या. त्या वेळी आम्ही पॉम्पेईला गेलो होतो. तिथल्या बेकऱ्यांमध्ये लाव्हाच्या दगडाची मोठी जाती आहेत, छातीइतकी उंच. खालचा दगड शंकूसारखा, त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड बसवलेला. बाकीचे सगळे फोटो काढून पुढे निघाले. आजी थांबल्या. वरच्या तोंडात हात घालून म्हणाल्या, "दाणे इथनं घालायचे." मग कमरेपाशी असलेली चौकोनी भोकं चाचपली. "इथं खुंटा. पण हे बसून ओढायचं जातं नव्हं, ह्याला जनावर लागतं." अगदी बरोबर. त्या भोकांत लाकडी दांडे बसवून गाढव किंवा गुलाम जातं फिरवायचे. मी खाली बघायला सांगितलं. जात्यांच्या भोवती जमिनीवर दगडी फरसबंदी होती, गोल गोल फिरणाऱ्या पायांनी जमीन उखडू नये म्हणून. अशाच एका बेकरीच्या भट्टीत 81 पाव सापडले, जळून कोळसा झालेले. उद्रेक सुरू झाला तेव्हा ते भट्टीतच होते. हे ऐकल्यावर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या गटातल्या कुणालाही पुढे "दगड सारखेच" वाटले नाहीत, कारण प्रत्येक नव्या ठिकाणी ते आधी जातं आणि चूल शोधायचे.

म्हणून पॉम्पेई पूर्ण गाळा असंही मी म्हणणार नाही. नेपल्सला तीन रात्री ठेवा. एक सकाळ चौघांनी हर्क्युलेनियम. दुसऱ्या सकाळी तुम्ही आणि मुलगा पॉम्पेईला, आई आणि पत्नी नेपल्समध्ये आराम. आईंनाही यायचंच असेल तर अँफिथिएटरच्या बाजूच्या दाराने शिरा. तिथून चाकाच्या खुर्चीलाही चालेल असा, कमी चढउताराचा खास मार्ग आखलेला आहे. पॉम्पेईला नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा आधी काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. दोन्ही गावं एकाच लोकल रेल्वेवर आहेत. गाडीला मुंबईच्या लोकलसारखी गर्दी असते आणि खिसेकापूही असतात. पाकीट पुढच्या खिशात. हर्क्युलेनियमच्या स्टेशनापासून अवशेषांपर्यंत दहा मिनिटांचा उतार आहे. जाताना छान वाटतं, येताना तोच चढ होतो. परतताना आईंसाठी टॅक्सी करा.

आता नेपल्समधली जी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे ती. शहरातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईत 1938 साली सापडलेली एक हस्तिदंती बाई आहे. उंची जेमतेम वीतभर. दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका. कानात जड कुंडलं, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायात घोट्यापासून पोटरीपर्यंत वाळे. डोक्यातून आरपार भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आणि अगदी तशाच घडणीच्या हस्तिदंती बाया आपल्याकडे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या आहेत. त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखात घडली असं मानणारे अभ्यासक आहेत. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, म्हणून तिचा संबंध वायव्येकडे जोडणारेही आहेत. वाद काहीही असो, 79 सालच्या आधी कुणीतरी तिला समुद्रापार नेलं आणि पॉम्पेईतल्या एका घरात ती कुणाच्या तरी रोजच्या वापरात होती. त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणहून आणि तगरहून, म्हणजे तेरहून, माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येतो.

तुम्ही कोल्हापूरचे आहात, म्हणून निघण्याआधी मुलाला एकदा टाऊन हॉलच्या संग्रहालयात घेऊन जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथली आहे. ती तिकडून पंचगंगेच्या काठी आली, ही इकडून नेपल्सला गेली. दोन्ही बघितलेला मुलगा इतिहासाच्या पुस्तकातला 'रोमशी व्यापार' हा शब्द पुन्हा विसरणार नाही.

दोन सूचना. नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. आणि ती हस्तिदंती मूर्ती ज्या दालनात ठेवतात त्याला 'गुप्त दालन' म्हणतात, कारण तिथे पॉम्पेईतली उघड शृंगारिक चित्रं आणि शिल्पं आहेत. आई आणि तेरा वर्षांचा मुलगा दोघंही बरोबर आहेत, तेव्हा आधी एकाने आत जाऊन बघा आणि मग ठरवा. मूर्ती कधी प्रदर्शनासाठी बाहेर दिलेली असते, म्हणून तिकीट काढतानाच चौकशी करा. कोळसा झालेले पावही याच संग्रहालयात आहेत, आठ फोडींच्या खुणा असलेले गोल पाव.

रोमबद्दल थोडक्यात सांगते, कारण रोमची माहिती सगळीकडे मिळते. कोलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन टेकडी यांचं तिकीट एकत्र असतं. बहुतेक लोक कोलोसियमला आधी जातात आणि दमून टेकडी सोडून देतात. तुम्ही उलटं करा. सकाळी दार उघडताच पॅलाटाइनवर जा. रोमचे सम्राट याच टेकडीवर राहायचे, आणि तिच्या पालातियुम या नावावरूनच 'पॅलेस' हा शब्द आला. तुमच्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या नावात हीच टेकडी आहे. वर डोमिशियन सम्राटाच्या प्रासादाच्या भिंती आहेत आणि, आईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं, झाडं आणि सावली आहे. तिथल्या कठड्यावरून फोरम एका नजरेत दिसतो. तो तसा वरूनच बघा. आईंना खालच्या उंचसखल दगडांवर नेऊ नका. कोलोसियमला लिफ्ट आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणून त्या दिवशी तिकडे फिरकूही नका.

रोमहून रेल्वेने अँकोना बंदर, तिथून रात्रीची बोट, सकाळी स्प्लिट. बोट रोज नसते, म्हणून आधी बोटीची तारीख पक्की करा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा. केबिनच घ्या, खुर्चीवर रात्र काढू नका.

स्प्लिटसाठी मी एवढी आग्रही का, तर ती नुसती पडकी जागा नाही. इ.स. 305 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने आपणहून सत्ता सोडली आणि समुद्रकाठी बांधून घेतलेल्या या राजवाड्यात येऊन राहिला. सुमारे 215 मीटर लांब आणि 180 मीटर रुंद, चार बाजूंना चार वेशी. पुढे त्याला परत सत्तेवर बोलावलं तेव्हा त्याने आपण स्वतः लावलेल्या कोबीचं कौतुक सांगून नकार दिला, अशी कथा आहे. सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं, तिथली माणसं जीव वाचवून या तटबंदीच्या आत शिरली आणि तिथेच राहिली. आजही लोक राहतात. रोमन कमान बुजवून तिच्यात खिडकी बसवलेली आहे आणि त्या खिडकीतून पलीकडच्या खांबापर्यंत दोरी बांधून टॉवेल वाळत घातलेले आहेत. हर्क्युलेनियममध्ये जे घर एका दिवसात थांबलं, ते इथे सतराशे वर्षं चालूच राहिलं. हे दोन्ही एका सहलीत बघितलं की 'अवशेष' या शब्दाचा अर्थच वेगळा होतो.

तिथे तळघरांत नक्की जा. वरच्या मजल्यावरचे सम्राटाचे महाल बरेचसे नाहीसे झाले, पण तळघरांची आखणी वरच्या खोल्यांसारखीच होती. शतकानुशतकं लोकांनी वरून कचरा टाकून ती भरून टाकली आणि म्हणूनच ती शाबूत राहिली. खालच्या खोल्यांतून फिरलात की वरचा वाडा मनात उभा करता येतो. मग वर या. मधल्या चौकात काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स बसलाय, इजिप्तमधून आणलेला, राजवाड्याहूनही कितीतरी जुना. मागची आठकोनी इमारत ही डायोक्लेशियनची समाधी. त्याने ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला, आणि आज ती समाधी त्याच छळात मारल्या गेलेल्या संत दुयेच्या नावाचं कॅथीड्रल आहे.

राहायचं मात्र तटबंदीच्या बाहेर. आतली घरं मोहक असतात, पण गाडी आत येत नाही, दगडी बोळांतून बॅगा ओढाव्या लागतात आणि जिने उभे असतात.

आता क्रीटचं. मुलाला मिनोटॉर हवाच असेल तर इटली सोडा आणि अथेन्स, क्रीट एवढंच करा. दोन्हीकडचं अर्धं अर्धं करू नका. क्नोसोस हेराक्लिओनपासून पाच किलोमीटरवर आहे. तिथले प्रसिद्ध लाल खांब, वरून जाड आणि खाली निमुळते, हे इंग्रज पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हन्सने 1900 पासून खणताना आणि नंतर सिमेंट-काँक्रीटमध्ये उभे केलेले आहेत. हे मुलाला आधीच सांगा, म्हणजे त्याची फसगत होणार नाही. पुरुषभर उंचीचे मातीचे रांजण मात्र अस्सल आहेत. ओळीने असलेल्या लांब, अरुंद कोठारांत ते उभे आहेत, आणि राजवाडा म्हणजे आधी धान्याचं नि तेलाचं कोठार असतं हे त्यांच्यामुळे कळतं. भित्तिचित्रांची मूळं हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत, ती दुपारी बघा. सिमेंट नको असेल तर दक्षिणेला फैस्तोसला जा, तिथे सगळं जसं सापडलं तसं आहे. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसला चालता न येणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, पण जोराचा वारा असला की ती बंद ठेवतात, म्हणून एक दिवस हाताशी राखा.

क्नोसोसचं नाव निघालं म्हणून माझी एक चूक सांगते. पहिल्याच वर्षी मी गटाला दुपारी एक वाजता तिथे नेलं, कारण त्या वेळी गर्दी नव्हती. का नव्हती याचा विचार मी केला नाही. सत्तरीचे एक काका उन्हाने चक्कर येऊन कठड्यावर बसले, ओठ पांढरे पडले. पाणी, ओला रुमाल, सावली, तासाभराने सावरले. पण तो तास मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: उघड्यावरचा अवशेष सकाळी दार उघडल्यापासून अकरापर्यंत. मग जेवण आणि झोप. चारनंतर छप्पर असलेली जागा, संग्रहालय किंवा राजवाडा. दिवसाला उघड्यावरची जागा एकच. तुमच्या एकोणीस जागा यात बसणार नाहीत, साताठ बसतील.

चौदा दिवसांची विभागणी अशी होईल: नेपल्स तीन रात्री, रोम चार, एक रात्र बोटीवर, स्प्लिट तीन. उरलेले दिवस विमानप्रवास आणि विश्रांतीसाठी. ते भरू नका. आईंच्या बुटांचा तळ रबरी आणि जुना वापरातला असू दे, नवे बूट सहलीसाठी घेऊ नका. घडीचं छोटं स्टूल मिळतं, ते घ्या, कारण आत बसायच्या जागा कमी असतात. पाण्याची रिकामी बाटली ठेवा, पॉम्पेईत आणि रोममध्ये प्यायच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत.

आईंना एका दमात किती पायऱ्या चढता येतात आणि बोट कुठल्या तारखेची मिळते, एवढं कळवा. त्यावरून पॅलाटाइनला कुठल्या दाराने शिरायचं आणि नेपल्सचा मंगळवार कसा टाळायचा ते सांगते.